हिशेब मागायला किती खर्च येतो?

छत्रपती संभाजीनगरच्या नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन डिसेंबर 2020 मध्ये झाले तेव्हा ती 1,680 कोटी रुपयांची होती. पुढे आकडा 2,740 कोटींवर गेला. 2020 च्याच एप्रिलमध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली होती आणि नंतर वर्षानुवर्षे कारभार प्रशासकाच्या हाती राहिला. सभागृहात उभे राहून विचारणारा नगरसेवक नसताना सामान्य माणसाच्या हाती उरला तो माहिती अधिकाराचा अर्ज. आता सभागृह असो वा नसो, तो अर्ज करायला पैसे किती आणि दिवस किती लागतात, ते पाहू.

आधी फुकटचा मार्ग. राज्य शासनाच्या 26 नोव्हेंबर 2018 च्या परिपत्रकानुसार महापालिका, जिल्हा परिषद, जिल्हाधिकारी कार्यालय अशा ठिकाणी दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. सोमवारी सुट्टी असेल तर पुढच्या कामाच्या दिवशी. ही सोय पुरेशा लोकांना माहीत नाही आणि कार्यालये ती आपणहून सांगत नाहीत. टाऊन हॉलजवळच्या पालिकेत किंवा औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेत जाताना परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा. बरेचसे वाद तिथेच मिटतात.

फाईल एकदा डोळ्याखालून गेली की नेमकी कोणती पाने हवीत ते कळते. मग अर्ज. महाराष्ट्रात त्याला 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावतात, नमुना ‘जोडपत्र अ’. दारिद्र्यरेषेखालील अर्जदाराला पुरावा जोडल्यास शुल्क नाही. प्रत हवी असेल तर साध्या पानाला 2 रुपये. अर्ज हातोहात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घ्या, म्हणजे टपालखर्चही वाचतो. माहिती कशाला हवी, हे सांगण्याचे बंधन कायद्याने तुमच्यावर घातलेले नाही. विचारले तरी हसून गप्प राहा.

राज्याच्या नियमांनुसार एका अर्जात एकच विषय आणि साधारण 150 शब्द. ही अट जाचक वाटते, पण तिचा फायदाही आहे. ‘गेल्या दहा वर्षांतल्या सर्व रस्त्यांची माहिती द्या’ असा अर्ज म्हणजे नकाराला आमंत्रण. त्याऐवजी आपल्या गल्लीतला एक रस्ता धरा आणि पाच कागद मागा: मंजूर अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका, अदा केलेली देयके आणि दोषदायित्व कालावधी किती ते सांगणारे करारातले पान. मोजमाप पुस्तिकेत लांबी, रुंदी आणि थराची जाडी लिहिलेली असते. टेप घेऊन दोघे जण रस्त्यावर उतरलात तर निदान लांबी-रुंदी अर्ध्या तासात तपासून होते. दोषदायित्व कालावधीत रस्ता उखडला तर दुरुस्ती ठेकेदाराने स्वतःच्या खर्चाने करायची असते, पालिकेच्या पैशाने नाही. माझ्या मते अर्जात मागण्यासारखा सगळ्यात मोलाचा कागद हाच.

कर्मचाऱ्याची वैयक्तिक माहिती मागण्याच्या फंदात पडू नका. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातले तेच कलम बदलून नकाराची वाट रुंद केली आहे. कामाचा कागद मागा, माणसाचा नको.

पाणी योजनेचे काम महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे आहे. चुकून अर्ज पालिकेत दिलात तरी नवा स्टॅम्प लागत नाही. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर 5 दिवसांत तो अर्ज तिकडे पाठवणे जन माहिती अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे.

उत्तराची मुदत 30 दिवस. ती उलटली की माहिती विनामूल्य द्यावी लागते, पानामागचे 2 रुपयेही नाहीत. मग 30 दिवसांच्या आत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील, स्टॅम्प 20 रुपयांचा. त्याचा निकाल 30, फार तर 45 दिवसांत. तरीही हात रिकामे राहिले तर 90 दिवसांत दुसरे अपील, पुन्हा 20 रुपये. त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही, राज्य माहिती आयोगाचे खंडपीठ शहरातच आहे.

म्हणजे शेवटपर्यंत लढलात तरी शुल्क 50 रुपये. खरी किंमत दिवसांत मोजावी लागते, कारण दुसऱ्या अपिलाच्या निकालाला कायद्यात मुदतच नाही आणि आयोगापुढे अपिलांचा ढीग आहे. अधिकाऱ्याला दिवसाला 250 आणि जास्तीत जास्त 25,000 रुपये दंडाची तरतूद आहे, पण दंडाची पावती पाहायला मिळेल या आशेवर अर्ज करू नका. छोटा, नेमका अर्ज आणि त्याआधीचा सोमवार यातच शहाणपण.

दाखला किंवा नोंद अडली असेल तर माहिती अधिकाराऐवजी 2015 चा लोकसेवा हक्क कायदा वापरा. त्यात प्रत्येक अधिसूचित सेवेला दिवस ठरवून दिलेले आहेत आणि कसूर करणाऱ्याला 500 ते 5,000 रुपये दंड होऊ शकतो. अर्जाची पोच मात्र जपून ठेवा, अपील तिच्यावरच उभे राहते.

आणि कोणी टेबलाखालून पैसे मागितले तर? लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा टोल फ्री क्रमांक 1064. फोन पैसे देण्याआधी करा. 2018 च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. नाइलाजाने द्यावी लागली असेल तर 7 दिवसांच्या आत पोलिसांना किंवा तपास यंत्रणेला कळवले तरच संरक्षण मिळते.