नव्या विंडोजनंतरची तीच ती कामे

प्रश्न : सिडकोत आमचा संगणक वर्ग आहे. विंडोज ११ टाकल्यावर प्रत्येक संगणकावर तेच सॉफ्टवेअर पुन्हा पुन्हा टाकावे लागते. काय करावे?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : विंडोज ११ मधलेच ‘विंगेट’ हे सॉफ्टवेअर बसवण्याचे साधन वापरा. आधी एक संगणक मनासारखा तयार करा. टर्मिनलमध्ये ‘विंगेट एक्स्पोर्ट’ चालवले की सॉफ्टवेअरची यादी फाइलमध्ये उतरते. ती पेनड्राइव्हने दुसऱ्या संगणकावर नेऊन ‘विंगेट इम्पोर्ट’ला द्या; फायरफॉक्स, लिब्रेऑफिस, व्हीएलसी एकामागून एक बसतात. फाइलमध्ये फक्त नावे असतात, सॉफ्टवेअर इंटरनेटवरूनच येते. म्हणून सगळे संगणक एकदम लावू नका. विंगेटच्या भांडारात नसलेले सॉफ्टवेअर मात्र हातानेच टाकावे लागेल. मराठी कीबोर्डही या यादीत येत नाही. तो पॉवरशेलच्या छोट्या स्क्रिप्टने जोडता येतो, आणि मुलांसाठी तो प्रत्येक संगणकावर हवाच.