गीझर गळतोय: दुरुस्ती की नवा?

प्रश्न : आमचा १५ लिटरचा गीझर नऊ वर्षं जुना आहे. पाणी बोअरचं. हल्ली खालून ठिबकतो. प्लंबर म्हणतात, बदलाच. खरंच गरज आहे का?

उत्तर : आधी पाणी नेमकं कुठून येतंय ते बघा. पाणी तापत असताना सेफ्टी व्हॉल्व्हमधून चार थेंब पडत असतील तर काळजी नको. तापलेलं पाणी फुगतं, जास्तीचा दाब तिथून निघतो. ते तोंड बूच मारून बंद करणारे महाभाग असतात. तसं चुकूनही करू नका. एलिमेंटच्या गॅस्केटमधून गळत असेल तर किरकोळ काम आहे. टाकीच फुटली असेल, तर मात्र वेल्डिंगच्या नादी न लागता नवा घ्या.

नव्या गीझरमध्ये मॅग्नेशियमचा रॉड असतो. टाकीऐवजी तो गंजतो, म्हणून टाकी टिकते. बोअरच्या पाण्यात तो लवकर संपतो. वर्षातून एकदा काढून बघा. आतली तार दिसू लागली की बदला. सर्व्हिसिंगवाले हे आपणहून क्वचितच सांगतात. तापमान ५५-६० अंशांवर ठेवलंत तर क्षारही कमी धरतील.

२००० वॉटचा गीझर जवळपास ९ अँपिअर खेचतो, म्हणून १६ अँपिअरचाच सॉकेट हवा. अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी नसेल तर बसवून घ्या. आणि जुन्याच कनेक्शन नळ्या परत लावू देऊ नका.