कार्डाआधी एसएमपीएस

नंदुरबार-शहादा पट्ट्यात ग्राफिक्स कार्ड मागायला मुख्यतः दोन प्रकारची माणसं येतात: गेम खेळणारी पोरं आणि लग्नाचे व्हिडिओ एडिट करणारे स्टुडिओवाले. दोघांचेही प्रश्न कार्डाबद्दल असतात. मी मात्र आधी मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्याबद्दल विचारतो, "सध्या एसएमपीएस कोणता आहे?" उत्तर बहुतेक वेळा एकच, "कॅबिनेटसोबत आला तोच, भाऊ." कार्ड घेण्याआधी तिथूनच बोलायला लागतं.

१. मोठ्या अक्षरातले वॅट सोडा, १२ व्होल्टचा रकाना वाचा. कार्ड आणि प्रोसेसर दोघंही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टवरून घेतात. स्वस्तातल्या एसएमपीएसवर ठळक '४५०' छापलेलं असतं आणि खालच्या बारीक तक्त्यात १२ व्होल्टपुढे १६ अँपिअर. बारा गुणिले सोळा, १९२ वॅट. बाकीचे आकडे ३.३ आणि ५ व्होल्टच्या रकान्यांत वाटून टाकलेले, ज्यांना आजच्या मशीनमध्ये फारसं काम उरलेलं नाही. धड ५५० वॅटच्या एसएमपीएसवर त्याच जागी साधारण ४५ अँपिअर दिसतात. गिऱ्हाईक "हाऊ कितला वॅटना शे?" विचारतं तेव्हा मी त्या तक्त्यावर बोट ठेवतो, नुसतं तोंडी सांगून कुणाला पटत नाही.

२. बेरीज करा, पण बेरजेवर थांबू नका. आरटीएक्स ३०६० चे १७० वॅट. रायझन ५ ५६०० कागदावर ६५ चा, पण भर कामात ७६ पर्यंत जातो. बोर्ड, रॅम, डिस्क, पंखे यांचे पन्नासेक. झाले तीनशे. मग एनव्हिडिया या कार्डासाठी ५५० का सांगते? एक तर समोरचा कसला एसएमपीएस लावणार हे तिला माहीत नसतं. दुसरं, कार्ड क्षणार्धासाठी आपल्या आकड्याच्या कितीतरी वर उडी मारतं. सरासरी तीनशे असतानाही गेम ऐन रंगात आला की मशीन धाडकन बंद पडतं, ते बऱ्याचदा याच उडीमुळे. २०२२ साली इंटेलनं एटीएक्स ३.० ची नियमावली आणली, तिच्यात मोठ्या एसएमपीएसनं अशी दुपटीची उडी काही मायक्रोसेकंद झेलली पाहिजे असं लिहूनच टाकलं. माझं मत विचाराल तर आपल्या भागात कमी वीज खाणारं कार्ड घ्यावं. आरटीएक्स ४०६० ला ११५ वॅट पुरतात, आणि जीटीएक्स १६५० ची बरीच मॉडेल ७५ वॅटवर, म्हणजे नुसत्या स्लॉटमधून मिळणाऱ्या विजेवर चालतात.

३. कंपनीचं जुनं ऑफिस मशीन घेतलं असेल तर आधी झाकण उघडा. डेलचं ऑप्टिप्लेक्स ९०२० घ्या. त्याच्या टॉवरमध्ये २९० वॅटचा एसएमपीएस असतो आणि बोर्डाला नेहमीच्या २४ पिनांऐवजी ८ पिनांची डेलची स्वतःची जोडणी. बाजारातला एसएमपीएस तिथे सरळ बसत नाही, वेगळी जोडतार लागते. बारक्या कॅबिनेटमध्ये तर तो आकारानंही मावत नाही. अशा मशीनला स्लॉटवर चालणारं कार्ड लावावं आणि गप्प बसावं.

४. साटाच्या पिनेवरून कार्डाला वीज देऊ नका. कार्डाची ६ पिनांची जोडणी ७५ वॅट मागू शकते, ८ पिनांची १५०. साटाच्या जोडणीत १२ व्होल्टच्या तीन पिना, प्रत्येकी दीड अँपिअरच्या. सगळ्या मिळून ५४ वॅट. तरी ही कन्व्हर्टर सर्रास विकली जातात. त्यांचं वितळलेलं प्लास्टिक एकदा हातात घेतलेला माणूस पुन्हा ती विकत नाही.

५. सुट्या तारांच्या एसएमपीएसच्या तारा दुसऱ्या कंपनीच्या एसएमपीएसला लावू नयेत. खोबणीत बसतात, पण आतली पिनांची मांडणी वेगळी असते आणि डिस्क जळतात.

६. उन्हाळा हिशोबात धरा. चांगल्या कंपन्या आपले वॅट ४० किंवा ५० अंशांना मोजून लिहितात. हलक्या डब्यांवर तापमानाचा उल्लेखच नसतो. खानदेशात मे महिन्यात पारा चाळिशीच्या वर, स्टुडिओ पत्र्याखाली, आणि लग्नसराईचं एडिटिंगही नेमकं तेव्हाच. गेम खेळणारा तासाभरात उठतो, पण रेंडर रात्रभर चालतं. म्हणून सारख्याच कार्डासाठी स्टुडिओवाल्याला मी एक पायरी वरचा एसएमपीएस देतो. धुळीचंही बघावं लागतं. मिरची वाळवायच्या पथाऱ्यांजवळच्या दुकानातलं मशीन ब्लोअरनं साफ करताना तोंडाला रुमाल बांधावा, एवढंच सांगतो.

७. यूपीएस जुनाच ठेवून भागत नाही. ६०० व्हीएचा यूपीएस प्रत्यक्षात ३६० वॅटच्या आसपास देतो. मशीन आतून ३०० वॅट घेत असेल आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८५ टक्के असेल, तर भिंतीतून ३५३ वॅट ओढले जातात. म्हणजे यूपीएस आधीच गळ्यापर्यंत भरलेला. शिवाय अॅक्टिव्ह पीएफसीच्या चांगल्या एसएमपीएसना काही स्वस्त यूपीएसची चौकोनी लहर मानवत नाही. लाइट गेली की यूपीएस टुकटुकतो आणि मशीन तरीही बंद. तिथे साइन वेव्हचाच घ्यावा. घरच्या इन्व्हर्टरवर चालवायचं असेल तर मागचं बटण यूपीएस मोडवर हवं. एसएमपीएस विजेविना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडवर इन्व्हर्टरला बदलायला त्याहून जास्त वेळ लागू शकतो.

हाच अॅक्टिव्ह पीएफसी कमी व्होल्टेजला मात्र उपयोगी पडतो. रब्बीत शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की दिवे मंद होतात, पण १०० ते २४० व्होल्ट लिहिलेला एसएमपीएस निवांत चालत राहतो. मागे ११५-२३० चं लाल बटण असलेल्या जुन्या डब्याचं तसं नाही. व्होल्टेज कमी येतंय म्हणून ते बटण ११५ वर नेऊ नका, मोठा आवाज होतो.

८. कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येतात, ही तक्रार नवा एसएमपीएस बसवल्यावर हमखास येते आणि दोष नव्या मालावर जातो. एसएमपीएसच्या आत गाळणीसाठी लावलेले कपॅसिटर थोडा करंट पत्र्याकडे सोडतात. तो अर्थिंगमधून निघून जायला हवा. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या बोर्डात खुपसलेला असेल, किंवा अर्थिंगचा खड्डा उन्हाळ्यात कोरडा पडला असेल, तर तो तुमच्या बोटातून जातो. आधी वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या, खड्ड्यात पाणी घाला, मग दुकानात या.

९. सुरतेहून माल आणणार असाल तर पक्कं बिल घ्या आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या. पाच वर्षांची वॉरंटी असलेला एसएमपीएस चौथ्या वर्षी गेला, तर कोऱ्या चिठ्ठीवर तो कुणी बदलून देत नाही.