दोष मोड्यूलचाच का?

पेट्रोल मोटारीची इग्निशन कॉइल बॅटरीच्या १२ व्होल्टपासून हजारो व्होल्टचा विद्युतदाब निर्माण करते. त्यासाठी कॉइलमधील प्रवाह नेमक्या क्षणी तोडावा लागतो. वितरक व पिकअप कॉइल असलेल्या जुन्या मोटारींत हे काम इग्निशन मोड्यूल करते. तापल्यावर बंद पडलेले इंजिन निवल्यावर सुरू झाले, की संशय मोड्यूलवरच जातो. परंतु पिकअप कॉइलही उष्णतेने असाच दगा देते, आणि घाईने बदललेल्या भागाचा भुर्दंड ग्राहकाला पडतो.

चाचणी इंजिन तापून बंद पडलेले असतानाच घ्यावी. गार मोड्यूल निर्दोषच दिसते. चावी फिरवून कॉइलच्या धन टोकाशी वीज पोहोचते का, हे मल्टिमीटरने पाहावे. मोड्यूलचे अर्थिंगही पाहावे. कधी कधी सारा दोष गंजलेल्या एका स्क्रूखाली सापडतो! मग कॉइलचे ऋण टोक व अर्थ यांच्यामध्ये टेस्ट लॅम्प जोडून दुसऱ्याला सेल्फ मारण्यास सांगावे. उच्च दाबाच्या वायरींना तेव्हा हात लावू नये. दिवा लुकलुकला, तर मोड्यूल प्रवाह तोडत आहे. कॉइल व प्लगच्या वायरी तपासाव्यात. तो लुकलुकला नाही, तर पिकअप कॉइलचा रोध मोजून उत्पादकाने दिलेल्या मर्यादेशी ताडून पाहावा. तोही योग्य निघाला आणि जोडणीच्या वायरी अखंड असल्या, तरच मोड्यूल बदलावे.