जनित्राच्या खोलीतील हवा

बीड जिल्ह्यात वीज गेली तरी दूध शीतकरणाची टाकी किंवा पिठाची गिरणी थांबू नये, म्हणून ठिकठिकाणी डिझेल जनित्र बसविलेले असते. चोरी आणि पाऊस यांच्या भीतीने ते बहुधा पत्र्याच्या बंदिस्त खोलीत ठेवतात. उन्हाळ्यात बाहेरच ४० अंशांच्या वर उष्मा असतो. अशा भर दुपारी जनित्र तापून बंद पडते, दूध नासते आणि दोष इंजिनावर ढकलला जातो. पुष्कळदा दोष खोलीचा असतो.

जळणाऱ्या डिझेलमधील उष्णतेपैकी सुमारे एक तृतीयांश भागाचीच वीज होते. १५ केव्हीएचे जनित्र पूर्ण भारावर चालत असता, धुराबरोबर जाणारी उष्णता सोडूनही, एक किलोवॉटच्या दहा-बारा शेगड्या पेटवाव्यात एवढी उष्णता रेडिएटर आणि इंजिनाचे अंग यांतून निघते. ती खोलीतच कोंडली तर पंखा तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढतो. शिवाय तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे इंजिनाला प्राणवायू कमी पडतो, धूर काळा येतो आणि जोर घटतो.

दार उघडे टाकले की भागले, असा समज सर्रास आढळतो. परंतु हवेला येण्याची आणि जाण्याची वाट निरनिराळी, व समोरासमोरच्या भिंतींत पाहिजे. बहुतेक जनित्रांचा पंखा हवा रेडिएटरमधून बाहेर ढकलतो. कागदाची पट्टी समोर धरली असता ते कळते. अशा जनित्राच्या रेडिएटरसमोरील भिंतीत निदान रेडिएटरच्या तोंडाएवढा झरोका ठेवावा आणि मधली फट पत्र्याच्या किंवा जाड कापडाच्या नळीने बुजवावी. ही फट राहिली तर बाकीचा खटाटोप व्यर्थ होतो. हवा आत येण्याचा झरोका मागील बाजूस, खालच्या अंगास, दीडपट मोठा असावा. रेडिएटर ६० सेंटिमीटर लांब-रुंद असेल, तर हा झरोका ९० बाय ६० सेंटिमीटरचा धरावा. जाळी व झडपांनी अडणारी जागा त्यात मोजू नये.

आत येणारी हवा सावलीतील असावी. झरोक्याबाहेर लिंबाचे झाड असल्यास उत्तमच. मळणीचा भुसा उडतो त्या बाजूस तो ठेवू नये, कारण भुशाने रेडिएटर भरतो. पावसाळी वारा बहुधा पश्चिमेचा असल्याने हवा बाहेर जाण्याचा झरोका त्या दिशेस नसावा. खोलीतील उष्णतामान बाहेरच्यापेक्षा १० अंशांहून अधिक चढत असेल, तर झरोके अपुरे आहेत असे समजावे.

धुराची नळी मात्र झरोक्याच्या भरवशावर आत सोडू नये. ती वळचणीच्या वर, आत येणाऱ्या हवेपासून दूर न्यावी. कडब्याच्या गंजीजवळून नेऊ नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोके दुखणे, मळमळणे ही त्याची पहिली लक्षणे. पुढे शुद्ध हरपते व माणूस दगावतो. पाणी खोल गेले म्हणून इंजिन विहिरीत उतरविणे याच कारणाने घातक आहे. आत कोणी पडलेला दिसल्यास धावत शिरू नये. बाहेरून दारे उघडावीत, बाहेरून बंद करता येत असल्यास जनित्र थांबवावे आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. जनित्र बंद करण्याची कळ याचसाठी खोलीच्या बाहेर बसवून घ्यावी.