विसर्जनात देव बुडतो का?

प्रश्न : दहा दिवस पूजलेला गणपती अनंत चतुर्दशीला आपण ताप्तीत सोडतो. म्हणजे देवच बुडवला, असे होत नाही का? आणि मंडळे गणपतीला बाहुबलीचे रूप देतात, त्या मूर्तीला हात जोडायचे का?
— एक वाचक, बुऱ्हाणपूर

उत्तर : शंका दोन असल्या तरी मूळ एकच आहे : मूर्ती म्हणजेच देव का?

बाजारातून घरी आणलेली मूर्ती पूजेच्या दृष्टीने अजून मातीच असते. चतुर्थीला प्राणप्रतिष्ठेचे मंत्र म्हटले की देव तिच्यात मुक्कामाला आला असे मानतात. निरोपाच्या दिवशी उत्तरपूजा होते. अक्षता वाहून मूर्ती पाटावर किंचित हलवतात. देव निघाला तो तेव्हाच, घरातून. राजघाटावर पाण्यात सोडतो ती माती, आणि म्हणूनच ती विरघळणारी असावी. प्लास्टर विरघळत नाही. दुसऱ्या दिवशी काठावर तुटके हात-सोंडा दिसतात, तेव्हा जीव कळवळतो तो योग्यच आहे. यंदा शाडूची मूर्ती आणा, असे मी आग्रहाने सांगेन.

मंत्रांशिवाय देवपण येतच नाही, हाही एक गैरसमज आहे. नर्मदेतला बाण आणि गंडकीतला शाळिग्राम यांना प्राणप्रतिष्ठा लागत नाही. ते स्वयंभू मानतात. मूर्तीला घडवलेला चेहरा हवाच, असेही नाही. तुमचे बुऱ्हाणपूर ही एके काळी फारुकी सुलतानांच्या खानदेशाची राजधानी. त्याच खानदेशात श्रावणात कानबाई बसते, ती नारळाची. नारळाला नाक-डोळे काढायचे, नथ घालायची, दागिने चढवायचे, की घरातल्या बायका तिच्याशी माहेरवाशिणीसारख्या बोलू लागतात. रात्र जागवून दुसऱ्या दिवशी तिला वाजतगाजत नदीवर नेतात.

आता बाहुबली. 2015 साली तो चित्रपट आला आणि पाठोपाठ मंडपांत तसे गणपती दिसू लागले. त्यात नवल नाही. पुण्याच्या भाऊ रंगारींनी 1892 साली बसवलेला गणपती राक्षसाला मारतो आहे, आणि लोकांनी त्यात इंग्रजांविरुद्धची लढाई पाहिली. त्या त्या काळाला जो वीर वाटतो, त्याचे रूप लोक आपल्या लाडक्या देवाला देतात. मला त्यात देवाचा अपमान दिसत नाही. फक्त नटाचा चेहराच देवाला चिकटवला, तर मात्र खटकते. तिथे भक्त कोणाचा, हेच कळेनासे होते.

पुष्कळ मंडळांत मोठी मूर्ती दर्शनाची आणि तिच्या पायाशी ठेवलेली लहान मूर्ती पूजेची असते. प्राणप्रतिष्ठा त्या लहान मूर्तीची होते आणि विसर्जनालाही तीच जाते. दगडूशेठची मोठी मूर्ती तर पाण्यात जातच नाही. तेव्हा मंडपात बाहुबली दिसला तरी बेलाशक हात जोडा, आणि नजर जरा खाली, दूर्वा वाहिलेल्या त्या मूर्तीकडेही जाऊ द्या.