ठराव झाला, पुढं काय?

एका निमशहरी नगरपरिषदेत मी एक मुदत नगरसेविका होते. शहाणपण आलं की नाही, हे वॉर्डातल्या लोकांना विचारा. काही समजुती मात्र उतरल्या, त्या अशा.

1. निर्णय सभागृहात होतो, ही पहिली समजूत उतरली. सूचक, अनुमोदक, ‘सर्वानुमते मंजूर’ एवढं व्हायला मिनिटभर पुरतं. मग तांत्रिक मान्यता, प्रशासकीय मान्यता, ई-निविदा, कार्यादेश. तोवर पावसाळा नाहीतर आचारसंहिता. शिवाय 1965 च्या नगरपरिषद अधिनियमातल्या कलम 308 खाली जिल्हाधिकारी ठरावाला स्थगितीही देऊ शकतात. ठराव म्हणजे फाइलचं बारसं. तिला वाढवायचं ते पुढंच.

2. तिजोरीची किल्ली आपल्याकडे नसते. नगरपरिषदांची जकात 1999 मध्ये गेली, तेव्हापासून नजर शासनाच्या अनुदानाकडे. वित्त आयोगाचा निधी आला की मनात बाग फुलायची. पण त्यातला बंधित हिस्सा पाणी आणि स्वच्छतेवरच खर्चायचा. हक्काची म्हणावी ती मालमत्ता कराची आणि गाळेभाड्याची मिळकत. पण दर चार वर्षांची करआकारणी आली, की एरवी एकमेकांचं तोंड न पाहणारे सगळे पक्ष ‘करवाढ नको’ म्हणून एका बाकावर. मीही त्याच बाकावर होते, आणि त्याच सभेत नवा रस्ता मागत होते.

3. शहर नकाशात नसतं, माणसांच्या डोक्यात असतं. आमच्या पाणीपुरवठा समितीत पाइपलाइनवर तावातावानं चर्चा व्हायची. खरी माहिती होती ती व्हॉल्व्हमनकडे. खांद्यावर लांब लोखंडी चावी, पहाटेची वेळ. चेंबरचं झाकण सरकवून तो कोणत्या गल्लीला किती आटे सोडायचे ते हाताच्या अंदाजानं ठरवायचा. जुनी लाइन कुठून वळते, हे अभियंतासुद्धा त्यालाच विचारायचे. उताराला पाणी आधी पोचतं आणि चढावरची बाई हंडा घेऊन बसते, हे त्यानं मला दोन वाक्यांत समजावलं. समितीत तो कधीच बसलेला नव्हता.

4. ‘मोकळा रस्ता’ सगळ्यांनाच हवा असतो, सभा संपेपर्यंत. मग घरी जाताना त्याच हातगाडीवरून मेथीची जुडी घ्यायची, गाडीवरून न उतरता. पथविक्रेत्यांसाठी 2014 चा केंद्राचा कायदा आहे. आधी सर्वेक्षण, मगच हटवणं, आणि शहराच्या विक्रेता समितीत 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचेच. आम्ही मात्र ‘मंडई बांधून दिलीय ना’ यावरच अडलेले. तिथले वरच्या मजल्यावरचे ओटे रिकामे का, असं मी एका भाजीवालीला विचारलं. ती म्हणाली, “ताई, तुम्ही चढता का जिना?” मी चढत नव्हते.

5. पद मिळालं म्हणजे फोन येतात असं नाही. 2011 पासून निम्म्या जागा बायकांच्या, म्हणून मी निवडून आले. वॉर्डातले फोन मात्र आमच्या ह्यांना. गटार तुंबली तरी, “साहेब, जरा मॅडमना सांगा.” ह्यांना आधी बरं वाटलं, मग रात्री-अपरात्री फोन सुरू झाले. शेवटी तेच वैतागून म्हणू लागले, “तिलाच विचारा, मला त्यातलं काही कळत नाही.” स्त्री-सक्षमीकरणाच्या भाषणांनी जे साधलं नाही, ते तुंबलेल्या गटारीनं साधलं.

6. भांडण हेही काम असतं, हे घरी बसल्यावर उमगलं. मुदत संपली, निवडणुका लांबल्या त्या थेट डिसेंबर 2025 पर्यंत. मधली वर्षं प्रशासकांची. कामं थांबली नाहीत, काही तर आमच्यापेक्षा लवकर झाली. पण एका प्रभागाला काँक्रीट का आणि दुसऱ्याला मुरूम का, हे चारचौघांत विचारायची जागाच उरली नाही. आमच्या सभा रटाळ होत्या, कधी माइकही ओढले जायचे; तरी माझ्या मागणीला तिथं दुसऱ्या वॉर्डाच्या मागणीसमोर उभं राहावं लागे, आणि हरलं तरी ते इतिवृत्तात लिहिलं जाई. लोक मात्र मुदतीनंतरही माझ्याच दारात. “मी आता कुणी नाही,” म्हटलं, की विचारायचे, “मग ओरडायचं कुणावर?” बोलणी खायला कुणीतरी हक्काचं हवं असतं आणि मानधन बहुधा त्याचंच असतं. नव्या सभागृहातल्या कुणी सल्ला विचारला, तर एवढंच सांगेन. अजून कुणी विचारलेला नाही.